रविवारची खाडी

“बाई, तुम्ही खालीच थांबा. वर साहेब चहा घेताहेत. वास येतो.”

शिपायानं हटकलं तेव्हा क्लबच्या पायरीवर आईचा एक पाय पडला होता. तिनं तो मागे घेतला. मला मात्र व्हरांड्यात खुर्ची मिळाली. मी कॉलेजात जाणारा. इस्त्रीचा सदरा. त्या सदऱ्यालाही वास असणारच. आमच्या घरात सुकी मासळी आणि माझी पुस्तकं एकाच फळीवर असतात. पण तो कुणाला आला नाही. आणि मी बसलो. हे आधी लिहून टाकतो, नाहीतर पुढे धीर होणार नाही. मी बसलो.

आमचा कोळीवाडा बोरीवलीच्या पश्चिमेला, खाडीला लागून. खाडीत आमचे खुंट रोवलेले. त्यांना डोल बांधायची. डोल म्हणजे पिशवीसारखं मोठं जाळं. पाण्याच्या ओढीनं मासळी आत येते. कुठला खुंट कुठल्या घराचा हे वाड्यात ठरलेलं, कागदावर कुठेच नाही. मग गळ टाकायला शहरातले हौशी लोक येऊ लागले. त्यांचा क्लब झाला. त्यांना जिताडा मासा हवा. मोठा, झुंजणारा, फोटो काढण्याजोगा. आमच्या डोलीत त्याची पिल्लं मरतात, अशी त्यांनी तक्रार केली. म्हणून ही बैठक.

सरकारी साहेब इंग्रजीत बोलत होते. क्लबचे सेक्रेटरी पार्ल्याचे वकील. ते मला म्हणाले, “तू अर्थशास्त्राचा ना रे? मग तुला कळेल. हौशी माणूस येतो तेव्हा टांगा करतो, होडी घेतो, हॉटेलात जेवतो. एका जिताड्यापायी किती जणांना काम! तोच मासा तुमची माणसं टोपलीत घालून विकतात. मग खाडीचा जास्त उपयोग कुणाकडून होतो?”

वर्गात असंच शिकवलं होतं. मी मान हलवली.

शनिवार-रविवार खाडी क्लबची, बाकीचे वार आमचे, असं ठरलं. पायरीपाशी जाऊन मी खाली थांबलेल्या आमच्या माणसांना सांगितलं, “पाच दिवस आपले, दोन त्यांचे. आपलेच जास्त.”

आई म्हणाली, “पोरा, उधाण काय रविवार बगून येतं?”

“आये, गप ना! साहेब बसलेत.”

बाकीचे माझ्या तोंडाकडे बघत होते. शिकलेला पोरगा सांगतोय. एकेकानं पुढे होऊन अंगठा दिला.

मला ठाऊक नव्हतं असं नाही. डोल उधाणावर चालते. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे पाण्याला ओढ असते, तेव्हा जाळं भरतं. मधले दिवस भांगाचे. पाणी सुस्त, डोल नुसती लोंबते. तेव्हा आम्ही जाळी सांधतो. हे मी चालायला लागल्यापासून पाहिलेलं. पण त्या टेबलापाशी मला फक्त आठवड्याचे वार दिसले.

पहिल्याच महिन्यात पौर्णिमा शनिवारी आली. पुढची अमावास्याही शनिवारीच. ऐन ओढीचे दिवस क्लबचे झाले. बानं एका रविवारी डोल लावली. क्लबच्या राखणदारानं कोयत्यानं ती कापली. आईनं आणि काकीनं अख्खा पावसाळा बसून विणलेली डोल. बा तुकडे घेऊन घरी आला. वाड्यातून जाताना लोक माझ्यासाठी वाट सोडत, पूर्वीसारखीच. मला तेच सहन होईना. जेवताना मी उठून जायचो. पुस्तक उघडायचो, मिटायचो.

नियम कायमचा करायला दुसरी बैठक झाली. सेक्रेटरींनी मला बाजूला घेतलं. “तुझ्या फीमाफीचं मी बघतो. प्रिन्सिपॉल माझ्या ओळखीचे. फक्त यांना नीट समजाव. तुझा शब्द मानतात ही माणसं.”

आई खालीच उभी होती. मी खुर्चीवरून उठलो. पायऱ्या उतरून तिच्याशेजारी उभा राहिलो. तिथूनच साहेबांना मोडक्या इंग्रजीत तिचं वाक्य सांगितलं. उधाण रविवार बघून येत नाही. मग माझंही सांगितलं. तुम्ही आम्हाला वार दिलेत, पाणी दिलं नाहीत. पावसाळ्यात मासळीची वीण असते, म्हणून नारळी पौर्णिमेपर्यंत आम्ही डोल लावत नाही. क्लबचे गळ तेव्हाही चालू असतात.

साहेबांनी विचारलं, “हे मागच्या वेळी का सांगितलं नाही?”

“ही बोलली होती, सर. मी तुम्हाला सांगितलं नाही.”

आईला इंग्रजी कळत नाही. पण तिनं माझा दंड धरला.

सेक्रेटरी मराठीत म्हणाले, “दोन बुकं शिकली की डोक्यावर बसतात. फीचं विसर आता.”

साहेबांनी फाइल मिटली. निर्णय नंतर कळवू. तोवर आहे तोच नियम.

मी कॉलेज सोडणार नाही. फीसाठी दुपारी साकीनाक्याच्या एखाद्या कारखान्यात काम बघतो आहे. अर्थशास्त्रच शिकेन. ते एकट्या त्या लोकांच्या हातात सोडायचं नाही. आणि आमच्या माणसाचं बोलणं मधल्यामध्ये गाळून कुठल्याही साहेबाला सांगणार नाही, मग ते त्याला कितीही झोंबो.

येत्या रविवारी अमावास्या आहे. वाड्यानं ठरवलंय, सगळ्या खुंटांना एकदम डोली लागणार. आमच्या खुंटावर काकाची जुनी डोल मी बांधणार आहे. मला अजून नीट गाठ मारता येत नाही, बा शिकवतोय. राखणदारानं कोयता काढला तर जाळ्याच्या आधी तो माझ्यावर चालवावा लागेल.