पंखा काढण्याआधी

चावी दिली की वाजणाऱ्या जुन्या पेट्या दुरुस्त करण्यात नानांची हयात गेली. हात हलका, जीभ मात्र तिखट. लेकीने त्यांच्या कामाचे व्हिडिओ टाकायचं ठरवलं तेव्हा ते म्हणाले होते, "माझे हात बघायला कोण रिकामटेकडा बसलाय?" हजारो बसले होते, आणि नुसतं बघत नव्हते, खाली लिहीतही होते. कोणी डोळे झाकून पेटीचं वय तीनशे वर्षं ठरवी, कोणी ती व्हिनेगरमध्ये बुडवायला सांगे. नाना रोज सकाळी ते वाचत आणि चहाबरोबर डोकंही तापवून घेत.

एका शनिवारी मात्र त्यांनी कप खाली ठेवला. 'वाद्यवेडा' नावाने कोणीतरी लिहिलं होतं: "पेटी बंद पडली तर समजा पंखा अडकलाय. दोन स्क्रू काढा, पंखा बाहेर घ्या, थेंबभर तेल सोडा. पाच मिनिटांचं काम." चारशे जणांना ते पटलं होतं. एका बाईने खाली लिहिलं होतं, "आईची पेटी कधीची गप्प आहे. उद्या रविवारी करून बघते."

नानांनी ते पुन्हा एकदा वाचलं. अडकलेल्या पेटीत स्प्रिंग ताणलेलीच असते, आणि तिला आवरून धरतो तो एवढासा पंखा. तो काढला की काटेरी रूळ सुसाट सुटतो आणि सूर देणाऱ्या फणीचे पोलादी दात तडातडा मोडतात. म्हणून आधी स्प्रिंग सैल करायची, मगच पंख्याला हात लावायचा.

एका बोटाने टाइप करत त्यांनी हे सगळं लिहिलं. तिसऱ्याच कोणाचं तरी उत्तर आलं, "काका, धंदा बुडेल म्हणून घाबरवताय होय?" बाईचा पत्ता नव्हता.

"त्या वाद्यवेड्यालाच विचारा ना, कुठे शिकलास म्हणून," लेक म्हणाली.

त्यांनी खडसावून विचारलं. उत्तर अगदी अदबीने आलं: "तुमच्याच व्हिडिओत, काका. तिसरं मिनिट बघा."

दोघांनी बघितलं. पडद्यावर नानांचेच हात होते. दोन स्क्रू निघाले, पंखा बाहेर आला.

"तू मधलं कापलंस?"

"काहीच कापलं नाही, नाना. पेटी तुम्ही अशीच समोर ठेवलीत."

खरं होतं. स्प्रिंग त्यांनी आदल्या संध्याकाळीच सैल करून ठेवली होती. घरात येताना चपला काढाव्यात, तसं ते. त्याला ते काम समजतच नसत, मग सांगणार कशाला? नानांना मनापासून लाज वाटली. सकाळपासून ज्याच्या नावाने ते बोटं मोडत होते, तो बिचारा त्यांचाच सरळ विद्यार्थी निघाला.

दुपारपर्यंत नवा व्हिडिओ गेला. त्यात संगीत नव्हतं. नुसती स्प्रिंग सैल होत होती आणि नाना म्हणत होते, "चूक माझी आहे." वाद्यवेड्याने आपलं लिहिणं पुसलं, पण तोवर दहा ठिकाणी इतरांनी ते उचललं होतं. नवा व्हिडिओ चाळीस जणांनी बघितला.

सोमवारी ती बाई दुकानात आली. पेटी शालीत गुंडाळलेली, मोडके दात काड्यापेटीत.

"तुमच्या व्हिडिओसारखंच केलं हो," ती म्हणाली.

वाद्यवेड्याचं नाव नानांच्या ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं. "माझंच सांगायचं राहिलं, ताई. नवे दात बसवून देतो."

"आईच्या वेळचा आवाज येईल?"

हो म्हणणं सोपं होतं. "सूर जुळेल," नाना म्हणाले, "पण तोच आवाज नाही यायचा."

नाना फणी उचलायला गेले, तशी तिने पर्समधून फोन काढला.

"थांबा. तुमचं दुकान आहे, म्हणून लोक तुमचं ऐकत नाहीत. माझी पेटी मोडलीय. माझं ऐकतील. जरा उजेडात धरता?"

नानांनी फणी खिडकीशी धरली. तिने एका हाताने त्यांचं मनगट धरून फणी नीट उजेडाकडे वळवली आणि दुसऱ्या हाताने फोटो काढला.