दिगंबरराव तारीख काढतात

गौरवग्रंथासाठी हा लेख लिहायला बसलो आहे खरा, पण मन ठिकाणावर नाही. आमचे स्नेही, मेहकरचे दिगंबरराव मंडपवाले येत्या माघात पंच्याहत्तरी पूर्ण करीत आहेत. त्यांच्यावर लिहायचे म्हणजे आनंदाने लिहायला हवे. परंतु या सोहळ्याला त्यांनी जी एक अट घातली आहे, ती ऐकल्यापासून आम्हा मित्रमंडळींचा जीव टांगणीला लागला आहे. ती अट पुढे सांगतोच. आधी ओळख कशी झाली ते सांगू द्या, कारण म्हाताऱ्या माणसाला सुरुवातीपासून सुरुवात केल्याशिवाय चालत नाही.

मी तेव्हा सुलतानपूरच्या शाळेत मराठी शिकवायला नुकताच लागलो होतो. स्नेहसंमेलनात पाचवीच्या मुलांकडून कविता म्हणवून घेण्याचे काम माझ्याकडे आले. मंडप मेहकरहून आला होता. मुले रंगमंचावर गेली आणि दुसऱ्या कडव्यालाच अडली. इतक्यात कनातीच्या मागून कुणीतरी पुढची ओळ हळूच, अगदी चालीत म्हटली. मुलांनी ती उचलली आणि कविता पार पडली. मागे जाऊन पाहतो तो हातात दोर घेतलेला एक सडपातळ तरुण उभा.

मी विचारले, "तुम्हाला येते ही कविता?"

"हाव ना सर. सातवीत शाळा सुटली, पण कविता नाई सुटल्या. मंडप बांधताना म्हनतो. हात तालात चालते."

त्या दिवसापासून ते मला 'मास्तर' म्हणू लागले आणि मी त्यांना 'दिगंबरराव'. आजही आम्ही दोघे भेटलो की पाचवीच्या पुस्तकातली एखादी कविता निघतेच. एखादी ओळ मी विसरतो, एखादी ते विसरतात, आणि अशा रीतीने आम्हा दोघांत मिळून एक कविता पूर्ण होते.

दिगंबररावांनी उभ्या आयुष्यात लोकांचे सोहळे उभे केले. बारसे, साखरपुडा, लग्न, साठीशांत, निवृत्तीचा निरोप, काही म्हणा. साखरखेर्ड्यापासून लोणारपर्यंत त्यांच्या बल्ल्या आणि सतरंज्या गेल्या नाहीत असे गाव विरळे. सोहळा असला की सगळे खुशीत असतात. एक दिगंबरराव तेवढे काळजीत. खुंट्या हलवून पाहायच्या, दोरांच्या गाठी चाचपायच्या, दर थोड्या वेळाने आभाळाकडे बघायचे. पंगत उठेपर्यंत ते जेवत नाहीत. मी एकदा म्हणालो, "अहो, दोन घास खाऊन घ्या." तर म्हणाले, "मास्तर, डोक्यावर छत माह्यं हाय. लोकं खाली बसले हायत. घास उतरतच नाई."

एका वैशाखातले लग्न मला चांगले आठवते. अक्षता पडून गेल्या होत्या, पंगत बसायची होती. दिगंबररावांनी पश्चिमेकडे पाहिले आणि वावधन, म्हणजे वादळी वारा, येते म्हणून मोठे छत उतरवायला घेतले. वरपक्ष खवळला. भर उन्हात पाहुणे उघड्यावर! वराचे मामा तर अंगावर धावून आले. दिगंबररावांनी हात जोडले, पण छत उतरवलेच. आणि वावधन आले नाही. पानही हलले नाही. लोक हसले, त्यांनी टोमणे मारले, "मंडपवाल्याले वारा सपनात दिसला बे!" संध्याकाळी मी त्यांना विचारले, वाईट वाटले का. ते म्हणाले, "नाई आलं थे बरं झालं, मास्तर. लोकं हासले. हासनारे समदे सही-सलामत घरी गेले." हा स्वभाव मी पुढे कुठेच पाहिला नाही. आपण खोटे ठरलो याचा इतका आनंद झालेला माणूस दुसरा नाही.

त्यांच्या या काळजीला एकच उतारा होता, तो म्हणजे आमच्या कुसुमवहिनी. दिगंबरराव मंडप उभारत आणि वहिनी आल्या की तो मंडप बोलू लागे. वहिनींचे उखाणे आमच्या पंचक्रोशीत नावाजलेले. एकदा घेतलेला उखाणा त्यांनी पुन्हा घेतल्याचे कुणी ऐकले नाही. समोर जे दिसेल त्यावर जागच्या जागी ओळी जुळवायच्या. वांग्याच्या भाजीवर, बंद पडलेल्या एसटीवर, एकदा तर रुसून बसलेल्या व्याह्यांवर. व्याहीसुद्धा हसून उठले. मी आयुष्यभर कविता शिकवल्या. वहिनींना त्या शिकवाव्या लागल्या नाहीत, एवढेच म्हणतो.

आमच्या लग्नाला पन्नास वर्षे झाली, ती गोष्ट इथे सांगायलाच हवी. मुले परगावी. आम्ही दोघांनी ठरवले होते की उगाच गाजावाजा नको, शिरा करू आणि देवाला नैवेद्य दाखवू. सकाळी दार उघडतो तर अंगणात छोटासा मंडप! झालर, पाट, रांगोळी, सगळे. दिगंबरराव एका खुंटीवर हातोडा मारीत होते आणि वहिनी आमच्या सौभाग्यवतींसाठी गजरा घेऊन उभ्या होत्या. आमचे तिसरे मित्र, पोस्टातून निवृत्त झालेले विठ्ठलराव, मिठाईचा पुडा घेऊन आले. मग मला पाटावर बसवून नाव घ्यायला लावले. मी उठून उभा राहिलो आणि माझी बोबडी वळली. एक ओळ सुचेना.

दिगंबरराव म्हणाले, "पाहा हो विठ्ठलराव! जिंदगीभर पोराइकडून कविता पाठ करून घेतल्या, अन् सोताच्या बायकोचं नाव घेताना मास्तरचा घसा बसला!"

वहिनींनी मागून हळूच दोन ओळी पुरवल्या. मी त्या म्हटल्या. आमच्या सौभाग्यवती पदराआड हसत होत्या आणि त्यांचे डोळे भरले होते. तो दिवस या दोघांनी आमच्या पदरात टाकला. नाहीतर तो शिऱ्याबरोबर संपून गेला असता.

अशा त्या कुसुमवहिनींना गेल्या श्रावणात पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, आणि वाचाही. हात हळूहळू थोडा उचलू लागला, पण शब्द येईनात. समजते सगळे. बोलायला जातात आणि ओठांपाशी येऊन शब्द अडतो. मग त्या डोळे मिटून घेतात. ज्या घरात आम्ही हसण्यासाठीच जात आलो, तिथे आम्ही चहाच्या कपाकडे बघत बसायचो.

दिगंबररावांची पंच्याहत्तरी जवळ आली तेव्हा विठ्ठलरावांनी समिती केली. हा गौरवग्रंथ ठरला. आम्ही विचारायला गेलो, तेव्हा दिगंबररावांनी अट घातली: "औक्षन कुसुमच करन. तबक हातात घेऊन, चार लोकात, माह्यं नाव घेईन. तं मी पाटावर बसीन. नाई तं नाई."

ज्या बाईंना पाणी मागता येत नाही, त्यांनी भरल्या मंडपात उखाणा घ्यायचा? बाहेर आल्यावर विठ्ठलराव चिडलेच. "ह्या मानसाले जिंदगीभर छत पडायची भीती. अन् आता सोता बायकोच्या डोक्यावर पाडून राह्यला!" वहिनी तबक घेऊन उभ्या आहेत, सगळे वाट पाहत आहेत, त्यांचे ओठ थरथरत आहेत आणि शब्द येत नाही, हे चित्र तेव्हापासून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

समितीने माझ्यावर एक काम सोपवले. वाचेचा सराव करून घ्यायला बुलढाण्याहून एक मॅडम येतात. त्यांनी सांगितले, म, ल, र, व असे मऊ आवाज वहिनींना आता थोडे थोडे जमतात. तेवढ्याच आवाजांचा उखाणा मी रचावा, असे ठरले. मी आठवडाभर खपलो. आणि घेऊन गेलो:

'मळ्याआड मावळला लाल लाल रवी,
दिगंबररावांची माया मला रोज हवी.'

नावातल्या द-ग-बपुढे माझा इलाज नव्हता, पण बाकी जवळजवळ सगळे कसे लोण्यासारखे! मी मोठ्या ऐटीत चालीवर म्हणून दाखवले. वहिनींनी ऐकले. कपाळाला आठी घातली. डाव्या हाताने खाटेवर काहीतरी पुसल्यासारखे केले आणि फार कष्टाने म्हणाल्या, "मा...वळ...ला... नाई."

मला कळेना. दिगंबररावांना कळले. ते एकदम ओरडले, "मास्तर! बाप्पा, माह्या पंच्याहत्तरीले तुमी सूर्य बुडवून राह्यले की!"

खरेच की. ज्यांनी शंभरी गाठावी म्हणून आम्ही हा सोहळा करतो आहोत, त्यांच्याच पाटापुढे मी रवी मावळवला होता! सोपे आवाज वेचण्याच्या नादात अर्थाकडे लक्षच गेले नाही. मी खजील झालो. आणि वहिनी हसल्या. त्या झटक्यानंतर मी त्यांना प्रथमच हसताना पाहिले. अर्धेच ओठ हसत होते, पण हसू पूर्ण होते. माझा कागद त्यांनी डाव्या हाताने परत माझ्याकडे सरकवला. बोट स्वतःच्या छातीवर ठेवले. उखाणा आपला आपण रचणार, असा त्याचा अर्थ.

आता मात्र आमची काळजी दुप्पट झाली. निदान माझा उखाणा पाठ तरी करून घेता आला असता. पत्रिका छापायची वेळ आली तेव्हा समितीने ठरवले की सोहळाच वैशाखापर्यंत पुढे ढकलावा. हा निरोप घेऊन मी एकटाच मेहकरला गेलो. दुपारची वेळ. दिगंबरराव गोदामात दोरांच्या गाठी तपासत बसले होते. आता धंदा मुलगा पाहतो, पण गाठी हेच पाहतात. मी म्हणालो, "तारीख पुढे ढकलू या. वहिनींना थोडा अवसर द्या."

त्यांनी मान वर केली नाही.

"मास्तर, तुमाले वाटते मले पाटावर बसायची हौस हाय?"

"तसं नाही हो."

"कुसुमनं जेवन सोडलं होतं. तुमाले सांगितलं नाई. मॅडम आल्या का तोंड भिताडाकडं. म्हने... म्हने काय, बोलताच येत नाई, पन मले समजते. तिचं म्हननं, आता कायच्यासाठी? मंग मी विचार केला. मी जिंदगीभर लोकाइच्या तारखा पाह्यल्या. तारीख निघाली का पडलेलं घर उठते. भिताडाले चुना लागते, भांडलेले भाऊ एका गाडीत येते, खाटेवरची म्हातारी लुगडं नेसून बसते. मी म्हनलं, इलेबी तारीख द्यावं. तिले म्हनलं, माह्यी पंच्याहत्तरी हाय, तू नाव घेशीन तं मी बसीन. दुसऱ्या दिवशी उठून भाकर खाल्ली तिनं."

मी विचारले, "आणि त्या दिवशी नाही जमलं तर?"

हातातली घट्ट गाठ त्यांनी उगाच सोडली आणि पुन्हा बांधली. तेव्हा मला समजले की आमच्या सगळ्यांच्या काळजीची बेरीज केली तरी ती या माणसाच्या काळजीएवढी भरणार नाही.

"तं दुसरी तारीख काढू," ते म्हणाले. "पाह्यजे तितक्या तारखा काढू. मी हाय ना."

समितीचा निरोप मागे घेऊन मी परत आलो. तारीख आहे तीच राहिली.

हा लेख छापायला देण्यापूर्वी मी त्या दोघांना वाचून दाखवला, कारण दिगंबररावांच्या मनातले असे परस्पर छापणे मला बरे वाटेना. वाचता वाचता गोदामातला भाग आला. वहिनींना आजवर हे कुणी सांगितले नव्हते. आपल्यासाठी डाव रचला म्हणून त्या दुखावतील का, अशी धास्ती होती. दिगंबरराव खिडकीबाहेर पाहत होते. वाचन संपले. वहिनींनी नवऱ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "मा...हीत... हाय."

"कवापासून?" दिगंबररावांनी विचारले.

वहिनींनी डावा हात उचलून मागे, दूरवर, पहिल्या दिवसाकडे दाखवला. उशी नीट करायच्या निमित्ताने दिगंबरराव वाकले आणि बराच वेळ वाकूनच राहिले.

मित्रहो, हा ग्रंथ तुमच्या हाती पडेल तेव्हा तुम्ही मंडपात बसलेले असाल. छत दिगंबररावांनी स्वतः तपासलेले असेल, तेव्हा वर पाहू नका. एवढेच करा. कुसुमवहिनींच्या हाती तबक येईल, तेव्हा टाळ्या वाजवायची घाई करू नका. पुढचा शब्द कुणी सुचवू नका. मीही सुचवणार नाही, हे इथे लेखी देतो. निरांजनातले तूप संपत आले तर आमच्या सौभाग्यवती पुन्हा घालतील. पंगत थांबेल, पाहुणे थांबतील, बसगाड्या निघून गेल्या तर मुक्कामाची सोय विठ्ठलरावांनी केली आहे. वहिनींना जेवढा वेळ लागेल तेवढा लागू द्या. आणि त्या दिवशी शब्द नाहीच आला, तर हळहळू नका. हसतमुखाने जेवून जा आणि दुसऱ्या आमंत्रणाची वाट पाहा.

दिगंबररावांना मी ईश्वरापाशी निरोगी, दीर्घ आयुष्य मागतो. दरवेळी मागतात तसे सवयीने नव्हे, तर गरज आहे म्हणून मागतो. त्यांना अजून पुष्कळ तारखा काढायच्या आहेत.