नुसतं शेजारी बसणं

आज बागेतल्या बाकावर एक बाई रडत होती आणि दुसरी काही न बोलता तिच्या शेजारी बसली होती. ते पाहून मला सुलभाताई आठवल्या.

मला नैराश्याने घेरलं तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. सगळे समजावत होते, आणि मी आणखी एकटी पडत होते. एका दुपारी शेजारच्या सुलभाताई मेथीची जुडी घेऊन आल्या आणि माझ्या पलंगाशी खाली बसून निवडू लागल्या.

"मला बोलायला जमणार नाही," मी म्हटलं.

"नको बोलूस. मी भाजी निवडायला आलेय."

मग त्या रोज येऊ लागल्या. माझं नैराश्य बरं झालं ते डॉक्टरांच्या औषधांनी, सावकाश. एकटेपण मात्र सुलभाताईंनी त्याआधीच मोडलं होतं. ही दोन दुखणी एकमेकांना धरून असतात; एकाची पकड सुटली की दुसरंही सैल होतं, हे मी आज खात्रीने सांगू शकते.

एकदा त्या गवार निवडत होत्या. मी पलंगावरून उतरून त्यांच्यासमोर बसले.

"शिरा राहतायत तुमच्या," मी म्हटलं.

"मग तू काढ," असं म्हणून त्यांनी अर्धी गवार माझ्यापुढे सरकवली.