त्या बाईने ऐकलेलं हसू

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — अम्मीला नाही, नवऱ्याला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, आणि आत्ताही आवाज खालीच ठेवलाय. इतक्या वर्षांनी कसली भीती? पण वाटते, खरंच.

आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे, मी वाढले शारजात, अल मजाजला. कॉलेज संपल्यावर दुबईतल्या एका ऑफिसात लागले. काम काय, तर अमेरिकेतल्या लहान गावांत फोन करायचे आणि ठरलेले प्रश्न विचारायचे. गाडी आहे का? फ्रीज आहे का? पैसे नव्हते म्हणून गेल्या महिन्यात कधी उपाशी राहिलात का? गाव किती गरीब ते त्यावरून ठरायचं, आणि तिथे फुकट धान्य पोचवायचं की नाही, तेही.

आम्हाला गंमत वाटायची. अमेरिकेत कसली आलीये डोंबलाची गरिबी? गावाकडच्यांना वाटतं ना, आम्ही इथे सोन्यात लोळतो — तसंच आमचं अमेरिकेबद्दल.

तर — एक बाई होती. म्हातारी असावी, आवाज थकलेला. गाडी आहे म्हणाली. उपाशी राहण्याचं विचारलं तशी अगदी हळू म्हणाली, हो, राहते. नातवंडांना वाढलं की उरत नाही. आणि तिनेच विचारलं — हे इथे कुणाला कळणार नाही ना? गाव लहान आहे.

मी म्यूट दाबलं. दाबलं असं मला वाटलं. शेजारी फरहान बसायचा, त्याला म्हणाले, "यार, कार है इसके पास और भूखी है! डाएटिंग करती होगी!" आणि आम्ही दोघं खदाखदा हसलो.

कार. डाएटिंग. आमच्या हिंदीत इंग्रजी किती असतं, ते मला तेव्हा कळलं. कारण म्यूटचा दिवा लागलेलाच नव्हता.

पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "नाही लिही, पोरी. सगळ्याला नाही लिही."

माफी मागितली का मी? नाही. कॉल रेकॉर्ड होतो, कुणी ऐकला तर नोकरी जाईल, नोकरीबरोबर व्हिसा — डोक्यात एवढंच. 'नाही' लिहिलं आणि पुढचा नंबर लावला. साहेबांनी हाक मारली की वाटायचं, सापडला तो कॉल. पण तो कॉल कुणी ऐकलाच नाही. मी वाचले. त्या गावात धान्य गेलं का, हे मी कधीच विचारलं नाही. तिचं 'हो' मी पुसलं — फरहानने नाही, ऑफिसने नाही, मी.

आता नवऱ्याची नोकरी गेलीये. खाली पार्किंगमध्ये गाडी उभी आहे, हॉलमध्ये मोठा टीव्ही आहे, आणि मुलांना वाढून झालं की मी भूक नाही म्हणते. "मम्मा, यू नेव्हर ईट विथ अस," मुलगी म्हणते.

परवा शारजातल्या रोल्ला भागात राहणाऱ्या खालाचा, आमच्या एका मावशींचा, फोन आला. आपल्या रत्नागिरीकडच्या जमातीतल्या गरजू घरांत त्या गुपचूप रेशन पोचवतात. "बेटा, घरात काही कमी तर नाही ना?"

मी फोन कानाशी घट्ट धरून ऐकत राहिले — त्यांच्यामागे कुणी हसतंय का?

कुणी हसत नव्हतं.

"नाही खाला," मी म्हणाले, "सगळं आहे."