बिल्का मावशीची साडेसत्त्याहत्तर झाडं

मनाला शांतता हवी असेल तर गोर्ना लिपा गावात बिल्का मावशीच्या बागेत जावं, असं प्लोव्हदिव शहरातल्या सहलवाल्यांनी रंगीत कागदावर छापलंय. छापणाऱ्याने मावशीला पाहिलेलं नसणार. बाग शांत आहे, त्यात वाद नाही. लिंडनच्या सावलीत बाकं आहेत, दगडी पाटातून पाणी जातं, निळ्या फुलांच्या वाफ्यांवर मधमाश्या गुणगुणत असतात. आणि या सगळ्याच्या मधोमध मावशी उभी असते. डोक्याला रुमाल, पायात मेलेल्या नवऱ्याचे रबरी बूट आणि आवाज असा, की समोरच्या डोंगरावरची मेंढरं चरायचं थांबून वळून बघतात.

“बोलू नका कुणी,” बसमधून उतरणाऱ्यांना ती ओरडून सांगते. “शांतता बघायला आलात ना? बघा. बोलायचं काम माझ्याकडे आहे.”

बिल्का म्हणजे आमच्याकडे औषधी झाडपाला. बापाला पोरीचं नाव शोधायला लांब जायचा कंटाळा, पायाखाली जे दिसलं ते ठेवलं. पोरीने ते फारच मनावर घेतलं. अडुसष्टाव्या वर्षी तिच्या बागेत सत्त्याहत्तर वाफे आहेत, प्रत्येकाशी लाकडी पाटी आहे, आणि प्रत्येक पाटीपाशी ती पाहुण्यांना थांबवून काहीतरी हुंगायला नाहीतर चघळायला लावते. सोफिया शहरातल्या एका वकिलाच्या तोंडात तिने कडू दवण्याचं पान कोंबलं होतं. त्याचं तोंड वाकडं झालं तशी म्हणाली, “धंद्यावर अवलंबून असतं हो. आमच्या पाद्रीबाबांना एवढं कडू नाही लागत.” वकील पुढच्या वर्षी बायकोला घेऊन आला.

सत्त्याहत्तर वाफे संपले की कुंपणाशी एक खाटेएवढा तुकडा लागतो. हेझलच्या काटक्या विणून त्याला आडोसा केलाय. आत काहीही लावलेलं नाही. जे आपणहून उगवतं ते उगवतं. पाटीवर एकच शब्द आहे : ‘अर्धी’.

आमच्या डोंगरात आजार साडेसत्त्याहत्तर. सत्त्याहत्तरांना नावं आहेत आणि प्रत्येकाचं झाड आहे. उरलेल्या अर्ध्या आजाराला नाव नाही, म्हणून त्याच्या औषधालाही नाही. जूनमध्ये संत एन्योच्या सणाला, सूर्य वर येता येता, डोळे मिटून त्या तुकड्यात हात घालायचा. हाताला जे लागेल ती अर्धी वनस्पती. लाल दोऱ्याने बांधायची आणि वर्षभर ठेवायची. गावातल्या निम्म्या बायका हे विसरल्या, उरलेल्या निम्म्या विसरल्यासारखं करतात. बिल्का मावशी विसरली नाही, आणि कुणाला विसरूही देत नाही.

मे महिन्यात जिल्ह्याच्या ऑफिसातून गेत्सोव साहेब आला. माणसं बघायला येतात त्या प्रत्येक बागेची नोंद करायची, असा नवा नियम निघाला होता. गेत्सोव झाडांच्या शास्त्रात शिकलेला, सभ्य, थोडा पोटाने सुटलेला. दिवसभर गुडघ्यांवर बसून त्याने वाफा न् वाफा तपासला, शास्त्रीय नावं लिहिली, दुपारी मावशीच्या हातचं दह्याचं थंड सूप दोनदा मागून घेतलं. संध्याकाळी लिंडनखाली डोंगरी चहाचा पेला हातात घेऊन म्हणाला, “बाई, एवढी नीट राखलेली बाग मी जिल्ह्यात पाहिली नाही.”

“खरं बोललात. अजून चहा घ्या.”

“एकच राहिलं. अठ्ठ्याहत्तरावा वाफा. त्यात नक्की काय आहे?”

“अठ्ठ्याहत्तरावा कुठला? साडेसत्त्याहत्तरावा आहे तो.”

गेत्सोवने अर्ज तिच्याकडे वळवला. “हा रकाना बघा. इथे पूर्ण आकडा लागतो. कॉम्प्युटर अर्धा घेत नाही.”

“त्याला थोडा थोडा देत जा. सवय होईल.”

“मावशी,” चहाच्या दुसऱ्या पेल्यासरशी बाईची मावशी झाली होती, “सत्त्याहत्तर लिहू आणि तो तुकडा सोडून देऊ. संपलं.”

“सोडून कसा देऊ? आहे की तो.”

“मग अठ्ठ्याहत्तर लिहू. नावाच्या जागी ‘निरनिराळं तण’.”

हे त्याने म्हणायला नको होतं. मावशीने पेला त्याच्या हातातून काढून घेतला. निम्मा चहा त्यात तसाच होता. “तण तुमच्या ऑफिसात उगवतं, साहेब. माझ्याकडे अर्धी उगवते. तसंच लिहा, नाहीतर लिहू नका.”

गेत्सोव चांगला माणूस, पण नियमातला. त्याने उठून पँटची माती झटकली आणि सांगितलं, की अर्ज पुरा होईपर्यंत दारावरची पाटी उतरवावी लागेल आणि सहलीच्या बसला इथे थांबता येणार नाही. मावशीने तिथल्या तिथे शिडी आणली, पाटी उतरवली आणि त्याच्या गाडीच्या मागच्या सीटवर ठेवली. “घेऊन जा. तुमच्या रकान्यात मावली तर बघा.”

आता ही बस म्हणजे एकट्या मावशीचं पोट नव्हतं. बसमधली माणसं बाग बघून झाली की रादोयकाच्या दुकानातून मध, चीज, लोकरीचे मोजे घेतात, वरच्या आळीत मुक्कामाला राहतात. त्यामुळे दुसऱ्याच दिवशी सरपंच वेल्को कुंपणावर कोपरं टेकून उभा. पाठीमागे रादोयका, हात एप्रनमध्ये गुंडाळून.

“मावशी, अर्ध्यासाठी पुरं गाव उपाशी मारणार का?”

“तू आणि उपाशी? तुझ्या पट्ट्याला आता भोकं पाडायला जागा नाही, वेल्क्या.”

“हसण्यावारी नका नेऊ. एक शब्द खोडायचा आहे. तुमचं काय जातं?”

“बिल्के, ऐक गं,” रादोयका मागून म्हणाली. “कागदावर खोड, बागेत राहू दे. कोण बघायला येतंय?”

“मी बघायला येते. रोज सकाळी.”

वेल्कोने मान हलवली आणि गेला. पण सरपंच माणूस, स्वस्थ कसा बसेल? रविवारी मावशी चर्चमध्ये असताना तो हेझलचा आडोसा ओलांडून आत शिरला आणि त्या तुकड्यात पार्सलीची वीस रोपं ओळीत लावून आला. हिशेब सोपा होता. गेत्सोवला फोन करायचा आणि सांगायचं की अठ्ठ्याहत्तरावा वाफा पार्सलीचा. आता पार्सली घरोघरी असते, ती लावल्याने कुणाला राग येईल असं त्याला वाटलं नाही. आमच्या गावच्या माणसाने करावी आणि आमच्याच गावच्या माणसाला न समजावी, अशी ही चूक. अर्धीच्या जागेत काही लावायचं नसतं, हे वेल्कोला त्याच्या आजीने कान पिळून शिकवलं होतं.

सोमवारी ग्रामपंचायतीची बैठक चालू होती. मावशी आत आली आणि वीसच्या वीस रोपं सरपंचाच्या टेबलावरच्या जिरेनियमच्या कुंडीत खोचली. मातीचे हात त्याच्या कागदांना पुसले.

“पाणी घालत जा,” एवढंच म्हणाली.

वेल्को तिच्यामागे अंगणापर्यंत आला. लाजलेला होता आणि चिडलेलाही. “मावशी, एकदाच सांगा. एवढा हट्ट कशासाठी?”

ती थांबली. गावात कुणी तिला हळू आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं. वेल्कोने त्या दिवशी ऐकलं, आणि संध्याकाळपर्यंत गावाला सांगितलं.

“मानोलला तीन शहरांत नेलं होतं मी. आठवतं?”

“आठवतं.” मानोल म्हणजे तिचा नवरा, ज्याचे बूट ती घालते.

“लाकडाचा ट्रक चालवणारा गडी. चमचा उचलेना. तीन डॉक्टर, तीन कागद, तिन्हीवर ‘निदान अनिश्चित’. लोक विचारायचे, काय झालंय? त्याला सांगता यायचं नाही. शरम वाटायची रे त्याला. आजारी असल्याची नाही, आजाराला नाव नसल्याची. जणू सोंग करतोय.” तिने नाक पुसलं, तेही रागाने. “मी अर्धी उकळून दिली. बरा झाला नाही. मेलाच. पण त्या दिवशी पेला हातात धरून म्हणाला, म्हणजे मोजलंय मला यात. त्या मोजदादीतून मी आता त्याला काढू? कॉम्प्युटरसाठी?”

गावभर हे ऐकूनही रादोयकाने सांगितलंच की मोजे पडून आहेत, आणि ते खरंच पडून होते.

एन्योच्या सणाची बस प्लोव्हदिवहून जानेवारीतच भरलेली असते. ही बसही रद्द करा, असं सहलवाल्यांना कुणी कळवलं नाही. कळवायचं काम सरपंचाचं होतं आणि तो म्हणतो की विसरला. सण उजाडायच्या आधी, डोंगराच्या कडा नुकत्या दिसायला लागल्या होत्या तेव्हा, बस बागेच्या दारात येऊन उभी राहिली. एक्केचाळीस माणसं उतरली. त्यांच्यापाठोपाठ ऑफिसची गाडी. दार बंद आहे ना, हे बघायला गेत्सोव पहाटे निघून आला होता. पाटी नव्हती. दार सताड उघडं होतं, आणि दारात मावशी, काळं भरतकाम केलेला लाल एप्रन आणि कानामागे फुलांचा झुबका.

“नवी पाटी नाही लावलीत, बरं केलंत,” गेत्सोव म्हणाला. “पण ही माणसं?”

“पाहुणे आहेत.”

“मावशी.”

“आज कुणाचा दिवस, साहेब? एन्यो, याना, बिल्याना, बिल्का. या सगळ्या नावांच्या संताचा. म्हणजे माझा नामदिन आहे. नामदिनाला बोलावणं कुणाला करायचं नसतं आणि दारातून कुणाला परत पाठवायचं नसतं. तुमच्या आईने शिकवलं नाही का?”

शिकवलं होतं. गेत्सोवच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. एक्केचाळीस माणसांनी एकमेकांकडे पाहिलं, मग कुणी रस्त्याकडेची फुलं तोडली, कुणी पिशवीतून चॉकलेट काढलं, आणि रांगेने तिचा हात हातात घेऊन शुभेच्छा देत आत गेली. रादोयका पाठीमागून चीज भरलेल्या गरम बनित्साची परात घेऊन घुसली, सोबत मोज्यांचं गाठोडं.

“तुम्ही रिकाम्या हाताने आलात,” मावशी गेत्सोवला म्हणाली.

तो खरंच अवघडला. गाडीकडे गेला आणि सासूसाठी घेतलेला लोकुम मिठाईचा डबा घेऊन आला.

सूर्याची कड दिसली तशी सगळी आपोआप गप्प झाली. मावशीसुद्धा. ती आडोशापाशी गुडघ्यांवर बसली, डोळे मिटले, हात आत घातला, हाताला आलं ते खुडलं, लाल दोरा गुंडाळून एप्रनच्या खिशात टाकलं. मग डोळे उघडले. गेत्सोव तिच्या शेजारी उकिडवा बसला होता. फाइल मांडीवर होती.

“मी पाहिलं,” तो हळूच म्हणाला. “मला ते झाड ओळखू आलं. नाव आहे त्याला, खूप चांगलं नाव. लिहितो, अठ्ठ्याहत्तर होतात. तुमचा वाफा राहील, पाटी परत मिळेल, सगळं खरंच असेल. फक्त हो म्हणा.”

कुंपणापलीकडे सरपंच श्वास रोखून उभा होता. त्याच्यामागे आम्ही सगळेच.

“पुढल्या सालला दुसरं काही हाताला लागेल,” मावशी म्हणाली. “मग?”

“मग दुरुस्ती करू.”

“आणि तुम्ही ते नाव लिहिलंत की ती त्याच नावाच्या आजाराची होणार. ज्याच्या आजाराला नाव नाही, त्याने कुठल्या वाफ्यापाशी उभं राहायचं?”

गेत्सोवने अर्जावरचा तो रकाना पुन्हा एकदा वाचला. “मी नोंद देऊ शकत नाही, मावशी. खरंच नाही देऊ शकत.”

“नका देऊ. लोकुम ठेवा आणि बनित्सा खाऊन जा.”

त्याने अर्जावर ‘अपूर्ण’ असं लिहिलं, सही केली, आणि खरोखर बसून बनित्साचे तीन तुकडे खाल्ले. दुपारपर्यंत मावशीचा आवाज परत डोंगरावर पोहोचला होता. कुणाला तरी ती विचारत होती, की नाक आहे ते हुंगायला दिलंय की चष्मा टांगायला.

तेव्हापासून बागेला नोंद नाही. पाटीही नाही. पण आमच्या दिनदर्शिकेत संतांना तोटा नाही, आणि ही गोष्ट सगळ्यात आधी ध्यानात आली ती वेल्कोच्या. त्याने चर्चची दिनदर्शिका आणि गावाची मतदारयादी शेजारी शेजारी ठेवून दोन दिवस काढले. एन्योनंतर पाचव्या दिवशी पेत्को नावाच्यांचा, म्हणजे रादोयकाच्या नवऱ्याचा नामदिन. पेत्कोचं घर लहान, म्हणून पाहुणे मावशीच्या बागेत बसले. पुढे इलियाचा, मग मारियांचा, आणि मारिया तर गावात नऊ आहेत. प्रत्येक नामदिनाला प्लोव्हदिवहून बस योगायोगाने येते, आणि कुणी रिकाम्या हाताने येत नाही. जिल्ह्याचं पत्र येतं तेव्हा सरपंच उत्तर देतो, की आमच्या गावात पाहुणचार फार आहे, इलाज नाही. त्याला अजून नोटिशीची धाकधूक वाटते. मावशीला वाटत नाही.

सप्टेंबरमध्ये तोच अर्ज तिसऱ्यांदा आला. या वेळी शेवटच्या ओळीभोवती लाल खूण होती आणि खाली बारीक अक्षरात सूचना : कृपया पूर्ण संख्या भरावी. वेल्को तो घेऊन बागेत आला. मावशी बीज काढत होती. एप्रनला हात पुसून तिने कागद गुडघ्यावर घेतला, एक ते सत्त्याहत्तर नावं सावकाश लिहिली आणि लाल खुणेत पुन्हा ‘अर्धी’ असंच लिहिलं. या वेळी अक्षर इतकं मोठं काढलं की रकान्याबाहेर दोन्हीकडे गेलं.

“वाचता येईल त्यांना आता,” ती म्हणाली, आणि पाकिटाला जीभ लावली.