आधी नाव सांगा!

कंपनीच्या टेलिफोन बोर्डावर बसणाऱ्या बाईला किस्से शोधत हिंडावं लागत नाही. ते वायरीतून कानात येतात आणि तिथून डोक्यात जातात! सत्तरच्या दशकात मी पिंपरीतल्या एका कारखान्यात बोर्डावर होते. अजूनही आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

आमच्या कामगारांच्या बायका किराणा दुकानातून फोन करायच्या.

"कोण पाहिजे?"

"आमचे हे."

"अहो, इथं शेकड्यांनी 'हे' आहेत! नाव सांगा."

नवऱ्याचं नाव घेतील तर शपथ! शेवटी त्याचा बिल्ला नंबर सांगायच्या. मग मीही नंबरावरच माणसं बोलवायला लागले.

*

एकदा बाहेरून फोन आला, मी गेटला जोडला. "मोठा साहेब बोलतोय. भंगाराचा टेम्पो सोडा." आमचे वॉचमन पाठारेमामा उठून उभे राहिले, फोनला सॅल्यूट ठोकला आणि टेम्पो सोडला. भंगार कसलं, तांब्याच्या कॉइल होत्या! मोठे साहेब वर केबिनमध्ये चहा पीत बसलेले.

मी मामांना फैलावर घेतलं. तर म्हणतात, "बाई, आवाज जाड हुता. आमी काय फोनात तोंड बघतो व्हय?"

बोलणी बसली मला. म्हणे, असा फोन जोडलाच कसा? मी फोन जोडायला बसले होते की भविष्य सांगायला?

*

मग एक भामटा निघाला. दुपारी कामगारांच्या घरी जायचा. "वहिनी, हा बिल्ला नंबर तुमच्याच मिस्टरांचा ना? मशीनमध्ये हात गेलाय. हॉस्पिटलला पैसे भरायचेत, दागिना द्या." शिंदेवहिनींनी बांगड्या उतरवून दिल्या. संध्याकाळी शिंदे दोन्ही हातांसकट घरी हजर! वहिनी आधी आनंदानं रडल्या, मग बांगड्यांसाठी.

कँटीनमध्ये सगळे त्या बाईला हसले. माझं टाळकंच सटकलं! "लाजा वाटत नाहीत? छातीवर बिल्ला मिरवत बसमध्ये उभे राहता, नंबर गावाला वाटता, चोराला मागोमाग घरापर्यंत आणता आणि हसता तिला?" त्याच दिवशी सांगून टाकलं, असा कुणी दारात आला तर वहिनींनी आधी मला फोन करायचा.

*

ते त्या मुडद्याला कळलं. माझ्या जेवणाच्या सुट्टीत बोर्डावर टाइमकीपर कुलकर्णी बसायचे. त्यांना फोन आला, "एक्स्चेंजमधून बोलतोय. लाइनवर काम चालू आहे. अर्धा तास फोन उचलू नका, शॉक बसेल."

मी जेवून येते तर काय, बोर्डावर टॉवेल टाकलेला आणि कुलकर्णी खुर्चीवर पाय वर घेऊन बसलेले! घंटी वाजून वाजून नुकतीच थांबलेली. तिकडून जाधववहिनी फोन करत होत्या. कुणी उचलेना, तेव्हा बिचारीनं गळ्यातलं काढून दिलं. कुलकर्ण्यांना मी काय काय बोलले ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही.

*

नंतर तो काळेवाडीत गायकवाडवहिनींकडे गेला. गायकवाड आमच्या प्रेस शॉपला, माझ्या खिडकीसमोरच्या पत्रा दाबायच्या यंत्रांवर.

"वहिनी, त्यांचा हात प्रेसमध्ये गेला. बेशुद्धीत सारखे 'मंगल, मंगल' करतायत!"

दारातल्या हंड्यावर नाव कोरलेलं होतं, ते मेल्यानं वाचलं होतं.

"बसा, पाटल्या काढते," वहिनी म्हणाल्या. बाहेर आल्या, कडी घातली आणि अख्खी चाळ गोळा केली. पोलीस येईपर्यंत बायकांनी त्याला यथेच्छ धुतला.

संध्याकाळी गायकवाडांनी कौतुकानं विचारलं, "ओळखलंस कसं गं?"

"इतकी वर्षं झाली लग्नाला. तुम्ही कधी मला नावानं हाक मारलीत?"

हे मला वहिनींनीच सांगितलं, दुसऱ्या दिवशी फोनवर. मग म्हणाल्या, "आता दत्तू गायकवाडांना द्या." चक्क नाव घेतलं! मी जोडून दिला, पण कान काही काढला नाही.

"हॅलो, कोण?"

"तुमची बायको."

"हां, बोल गं."

"आधी नाव सांगा! चोराला येतं, तुम्हाला येत नाही?"

"अगं, इथं सगळे आहेत..."

"मग मोठ्यानं सांगा!"

मागं प्रेस धडधडत होत्या. त्यांच्याही वर आवाज चढवत गायकवाड ओरडले,

"मंगल!"

ती हाक मला एकदा वायरीतून ऐकू आली आणि एकदा खिडकीतून.