छताची पट्टी आणि भाऊजींचा हात

माझ्या ताईच्या यजमानांनी, म्हणजे आमच्या भाऊजींनी, चाळीस वर्षं लोकांचे कोट शिवले. गिऱ्हाईक दारातून आत येतानाच त्याचा कुठला खांदा उतरलाय, हे ते टेप हातात घेण्याआधी सांगत. मग एकदा पायरीवरून घसरले आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण चहा घेताना हातातली बशी वाजायची. डॉक्टर म्हणाले, "हाड जुळलंय. आता हात कामाला लावा, म्हणजे कळेल." भाऊजी मात्र कात्रीला शिवेनात. "लोकांच्या कापडावर प्रयोग नाही करायचा," एवढंच म्हणत. तीन महिने दुकान बंद. हात राहिला की गेला, हे बघायचीच त्यांनी धास्ती घेतली होती.

शेवटी प्रयोगाला त्यांनी स्वतःचं घर निवडलं.

बाहेरच्या खोलीत भिंत आणि छत जिथे मिळतात, तिथे एक भेग वेडीवाकडी फिरली होती. ती झाकायला नक्षीची लाकडी पट्टी लावायची ठरली. सुतार येऊन बघून गेला. कोपऱ्यात काटकोन तपासायचा गुण्या धरला आणि हसला. "काका, या घरातला एक जरी कोपरा काटकोनात निघाला तर नाव बदलीन. सगळे सांधे उघडे पडतील. सोडा नाद."

"माणसं तरी कुठे काटकोनात असतात?" भाऊजी म्हणाले. "कोट बसतोच ना?"

दुसऱ्या दिवशी ताईचा मला फोन. "तू ये बाई. हे चढलेत शिडीवर आणि इथे माझा जीव टांगणीला लागलाय."

गेले तर जमिनीवर सगळीकडे खाकी कागद. प्रत्येक कोपऱ्यात कागद दाबून, नखाने घडी मारून भाऊजींनी त्याचा आकार उतरवून घेतला होता, अगदी कोटाच्या बाहीचा घ्यावा तसा. वर खडूने लिहिलेलं, 'खिडकीची भिंत, डावा', 'खिडकीची भिंत, उजवा'. एका भिंतीला दोन पट्ट्या, मधोमध सांधा. पट्ट्या मोजून आणलेल्या, एकही जास्त नाही.

"एखादी जादा नाही आणलीत?" मी विचारलं.

"कशाला? माप घेतलंय ना!"

पट्टीचं दुसरं टोक मी धरलं आणि त्यांनी करवत चालवली. ताई स्वयंपाकघराच्या दारात फडकं घेऊन उभी होती, पुसत काहीच नव्हती. भाऊजी शिडीवर चढले, पट्टी डाव्या कोपऱ्यात लावली. अंगठा जाईल एवढी फट!

ते खाली उतरले. स्टुलावर बसले आणि उजवा हात डाव्या हातात घेऊन मांडीवर ठेवला.

"गेला हात. दुकानाला गिऱ्हाईक बघा आता."

एरवी यावर ताईने टोमणा मारला असता. तिने मारला नाही, तेव्हा मीही घाबरले.

काहीतरी करायचं म्हणून मी ती पट्टी उचलली. कापलेलं टोक बघितलं. एक ढलपी निघालेली नाही, वरपासून खालपर्यंत कुठे लाट नाही. थरथरत्या हाताने असं कापता येतं? मी पट्टी उलटी केली. खडूची रेघ मागच्या अंगाला.

"भाऊजी, खूण मागून का केलीत?"

"मग काय पुढून करू? खडू दिसेल ना! कापड नेहमी उलट्या बाजूनेच..." आणि ते थांबले.

"कागद न पलटता तसाच मागून ठेवलात. डाव्या कोपऱ्याचा काप उजव्याचा झाला. पण काप बघा तरी. रेघ केसभर सोडलेली नाही."

त्यांनी पट्टी खिडकीपाशी नेली. कापावरून दोनदा अंगठा फिरवला. चष्मा लावून पुन्हा बघितलं.

"अगं, हा सरळ आहे," ते ताईला म्हणाले, जणू दुसऱ्याच कुणाचं काम दाखवत होते.

"मी कधी वाकडा म्हटलं?" ताई म्हणाली. तिने फडक्यालाच नाक पुसलं.

"चाळीस वर्षांची सवय नडली, मेव्हणीबाई."

"सवयच नडली ना? नडू दे. मी तर कधीची सोसतेय," ताई म्हणाली. तेव्हा कुठे तिघंही हसलो.

तीच पट्टी त्याच भिंतीच्या उजव्या कोपऱ्यात बसली. नखाएवढी फट राहिली, ती पुट्टीने भरली. डाव्यासाठी भाऊजींनी कागद पलटून ठेवला, बोटाने चाचपून खात्री केली आणि कापलं. पट्टी कोपऱ्यात अशी गेली की मला श्वास सोडल्याचा आवाज आला. तो ताईचा होता.

खिळे ठोकून झाले तरी भाऊजी उजव्या तळव्याने पट्टी दाबून वरच उभे.

"उद्या दुकान उघडतो," ते छताकडे बघत म्हणाले.

"आधी उरलेल्या तीन भिंती. एक बाही शिवून गिऱ्हाइकाला घरी पाठवता का?" ताई म्हणाली.

त्या तीन भिंतींना महिना लागला. सुट्टीच्या दिवसाखेरीज भाऊजी घरी सापडतच नव्हते.